डोंगरातली सुट्टी आणि परतीचे गणित

१८ जुलै २०२१. रविवारचा दिवस. खारघरच्या डोंगरातील एका धबधब्याजवळ सकाळी अनेक कुटुंबे आणि मित्रमंडळी पोहोचली. वाटेतला ओढा त्यांनी सहज ओलांडला. त्या वेळी त्यात पाणी बेताचेच होते. मग पावसाने जोर धरला, ओढा फुगला आणि पलीकडे गेलेली माणसे पलीकडेच राहिली. अग्निशमन दलाच्या व पोलिसांच्या पथकांनी दोर आणि शिड्या लावून एकूण ११६ जणांना बाहेर काढले. त्यांत ७८ स्त्रिया आणि ५ मुले होती. सर्व जण सुखरूप परतले, म्हणून ही घटना दोन दिवसांच्या बातम्यांपुरती उरली. तिच्यातला धडा मात्र सहकुटुंब डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

या लोकांनी कोणताही कडा चढण्याचे धाडस केलेले नव्हते. कोणी सुळक्यावर लोंबकळत नव्हते, कोणी वाट चुकलेले नव्हते. ज्या वाटेने ते गेले, ती वाट त्यांच्या पाठीमागे बंद झाली, एवढेच घडले. डोंगर म्हटला की आपल्या मनात प्रथम उंचीचे भय येते. मुलाला कड्याच्या टोकाशी जाऊ न देणारे आईवडील त्याच मुलाला ओढ्यात निर्धास्तपणे उतरवतात. सह्याद्रीच्या या भागात एक दिवसाच्या सहलीचे खरे संकट अनेकदा पाण्याचे आणि वेळेचे असते. आणि दोन्हींचा संबंध चढण्याशी नसून परतण्याशी असतो.

शहराला लागून असलेला डोंगर

बेलापूर–तुर्भे एका अंगाला आणि खारघर दुसऱ्या अंगाला, यांच्यामध्ये पसरलेली डोंगररांग हे नवी मुंबईच्या भूगोलाचे एक वैशिष्ट्य आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि पुढील दशकांत या डोंगराच्या पायथ्याशी नियोजनबद्ध वसाहती उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये खारघर नव्या पनवेल महानगरपालिकेत आले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाल्यानंतर डोंगराचा पायथा सार्वजनिक वाहतुकीच्या अगदी जवळ आला. घराच्या सज्जातून दिसणारा, रिक्षाने गाठता येणारा डोंगर हा उद्यानाचाच विस्तार आहे, असा समज होणे त्यामुळे स्वाभाविक आहे.

वस्तुस्थिती निराळी आहे. डोंगराच्या माथ्यावर चाफेवाडी आणि फणसवाडी या आदिवासी वाड्या आहेत. उतारांवर वन विभागाचे क्षेत्र आहे आणि पावसाळ्यात दर थोड्या अंतरावर एखादा ओहोळ खाली झेपावत असतो. यांतला सर्वांत प्रसिद्ध तो पांडवकडा. सुमारे १०७ मीटर उंचीवरून कोसळणाऱ्या या धबधब्याला पांडवांच्या अज्ञातवासाची लोककथा चिकटलेली आहे. तेथील दुर्घटनांचा इतिहासही तेवढाच परिचित आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये या परिसरातील प्रवाहात नेरूळच्या महाविद्यालयातील चार विद्यार्थिनी वाहून गेल्या. अशा घटनांमुळे पावसाळ्यात येथे प्रवेशबंदीचे आदेश वारंवार निघत आले आहेत. बंदीचा फलक पाहून ‘पाणी तर एवढेसेच आहे’ असे म्हणणारा पर्यटक त्या क्षणापुरते खरेच बोलत असतो. प्रश्न पुढच्या अर्ध्या तासाचा असतो.

ओढा अचानक का चढतो?

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला पर्वत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून हे थर पसरले. भूशास्त्रज्ञ या प्रदेशाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, आणि कोणताही कोकणकडा दुरून पाहिला की हे नाव किती समर्पक आहे ते पटते. घट्ट काळा कातळ, त्यावर मातीचे पातळ आवरण, मध्येच सपाट पायरी आणि लगेच उभा उतार, अशी ही रचना आहे. मातीचा पातळ थर जूनच्या पहिल्या काही पावसांत भिजून तृप्त होतो. त्यानंतर पडणारे पाणी मुरायला जागाच उरत नाही. ते कातळावरून थेट ओहोळात, ओहोळातून ओढ्यात आणि ओढ्यातून कड्यावरून खाली येते.

याचे गणित सोपे आहे. एक हेक्टर जमिनीवर १० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लाख लिटर पाणी पडले. एखाद्या ओढ्याला १०० हेक्टर उताराचे पाणी मिळते असे धरले, तर तेवढ्याच पावसात १ कोटी लिटर पाणी गोळा होते. कोकणातल्या जोरदार सरीला १० मिलिमीटर पाऊस पाडायला फार वेळ लागत नाही. मोठ्या नदीला पूर येण्यास तास किंवा दिवस लागतात, कारण पाण्याला लांबून यायचे असते. डोंगरातील ओढ्याचा प्रवास लहान आणि उतार तीव्र असल्यामुळे त्याला काही मिनिटे पुरतात. शिवाय पाऊस माथ्यावर पडत असतो आणि माणसे पायथ्याशी असतात. खाली ऊन पडलेले असतानाही वरच्या सरीचे पाणी येऊन थडकू शकते.

हवामान विभागाच्या इशाऱ्यांचा अर्थही या संदर्भात नीट समजून घ्यायला हवा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘जोरदार’, त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत ‘अतिजोरदार’ आणि त्याहून अधिक तो ‘अत्यंत जोरदार’, असे हे वर्गीकरण आहे. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग सर्वसाधारणपणे संपूर्ण जिल्ह्यासाठी आणि संपूर्ण दिवसासाठी असतात. ओढा मात्र दिवसभराची सरासरी पाहत नाही, तो एका सरीला प्रतिसाद देतो. म्हणून नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर डोंगराचा बेत रद्द करावा हे खरेच; पण इशारा नसणे म्हणजे ओढा सुरक्षित असणे नव्हे.

गुडघाभर पाण्याची ताकद

‘गुडघाभरच तर पाणी आहे’ हे वाक्य अनेक दुर्घटनांच्या आधी उच्चारले गेले असेल. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो. एक घनमीटर पाण्याचे वजन १ हजार किलो असते, हे लक्षात घेतले की गुडघ्याखालच्या प्रवाहातही धडधाकट माणसाचे पाय का निघतात ते कळते. वीस–पंचवीस किलोच्या मुलाच्या बाबतीत तेच पाणी मांडीपर्यंत येते. पाण्याच्या उद्धरणामुळे त्याचे पायांवरचे वजन आणखी कमी होते आणि शेवाळलेल्या कातळावर पकड राहत नाही.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे चित्रफितीत अवघ्या देशाने पाहिली. हात घट्ट धरण्यात माया असते, पण एकाचा पाय सुटला की साखळीतल्या सर्वांवर त्याचा भार येतो. म्हणूनच प्रवाहात काय करावे यापेक्षा प्रवाहात शिरायचे की नाही, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

पाणी वाढणार असल्याची काही चिन्हे जाणकार सांगतात. स्वच्छ प्रवाह एकाएकी गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागणे, वरच्या बाजूने घरघर वाढणे, मघाशी कोरडा असलेला दगड ओला होणे. यांतले एकही चिन्ह दिसले की सामान गोळा करण्यात वेळ न घालवता काठावरून उंच जागी जावे. छायाचित्र पुरे होण्याची वाट पाहू नये.

यातून एक साधा नियम निघतो. जो ओढा परतताना दुप्पट पाणी असले तरी ओलांडता येईल, तोच जाताना ओलांडावा. एरवी सहलीचे अंतिम ठिकाण ओढ्याच्या अलीकडे असावे. धबधबा दुरूनही सुंदर दिसतो.

सर्वांत लहान पावलाचा वेग

पाण्याइतकाच फसवा असतो तो वेळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातील चालीचा एक अंदाज मांडला. तो आजही वापरला जातो. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर आणि त्यात प्रत्येक ६०० मीटर चढाईसाठी एक तास अधिक, असा तो आहे.

हे गणित पनवेल परिसरातल्या कर्नाळ्याला लावून पाहता येते. पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई–गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे आणि त्याच्या माथ्यावर सुमारे ४४० मीटर उंचीचा कर्नाळा किल्ला. याच महामार्गावरच्या शिरढोण गावी आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ मध्ये झाला. फडके घराण्याचा कर्नाळ्याच्या किल्लेदारीशी संबंध होता. त्यामुळे शाळकरी मुलांसाठी या वाटेवर इतिहासही आहे आणि पक्षीही. जाताना तीन किलोमीटरची चाल आणि चारशे मीटरची चढाई धरली, तर नेस्मिथच्या हिशेबाने ३६ मिनिटे अधिक ४० मिनिटे, म्हणजे सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ लागावा.

हा हिशेब सवय असलेल्या प्रौढ माणसाचा आहे. आठ वर्षांचे मूल, साठीतली आजी आणि पाठीवर डब्यांची पिशवी असलेले वडील यांच्यासाठी तो वेळ दुप्पट धरावा. म्हणजे चढायला अडीच तास, वर विश्रांती आणि न्याहारीला एक तास आणि उतरायला पुन्हा किमान दोन तास. उतरणे सोपे, हा समज चुकीचा आहे. थकलेल्या पायांना घसाऱ्यावर आणि कातळटप्प्यांवर उतरतानाच अधिक जपावे लागते. एकूण साडेपाच–सहा तास झाले. सकाळी सातला निघालेले कुटुंब दुपारी एकच्या सुमारास पायथ्याशी असेल. तेच कुटुंब अकराला निघाले तर परतताना दिवस कलू लागलेला असेल. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याच्याही आधी अंधारते.

म्हणून घरातून निघतानाच परतीची वेळ ठरवावी आणि ती सर्वांना सांगावी. उदाहरणार्थ, ‘साडेदहाला जेथे असू तेथून मागे फिरायचे.’ माथा पाच मिनिटांवर दिसत असला तरी हा शब्द मोडू नये. चालण्याचा वेग घरातल्या सर्वांत मंद माणसाने ठरवावा आणि त्याच्या मागे एक अनुभवी प्रौढ कायम असावा. पुढे पळालेली मुले आणि मागे रेंगाळलेली वडीलधारी यांच्यात अंतर पडले की वाट चुकण्यास तेवढे पुरते.

कोणाला कोणती वाट

पाच–सहा वर्षांच्या मुलांसाठी चालण्याची सवय हीच पहिली मोहीम असते. खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये दोन तास न उचलता चालू शकणारे मूल पुढच्या हिवाळ्यात डोंगराच्या रस्त्यावर नेण्याजोगे होते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कर्नाळ्यासारखी मळलेली वाट योग्य ठरते. अभयारण्याच्या प्रवेशद्वारावर नोंद होते आणि परतीची वेळ विचारून घेता येते, हा तिथला आणखी एक फायदा. प्रबळगडाशेजारच्या कलावंतीण सुळक्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फार लोकप्रिय आहेत. तेथील कातळात कोरलेल्या पायऱ्यांच्या एका बाजूला खोल दरी आहे. ती वाट लहान मुलांसह करण्याची नव्हे, आणि पावसात तर कोणीच करण्याची नव्हे.

दोर, झिपलाइन किंवा प्रस्तरारोहण असा साहसी कार्यक्रम एखाद्या संस्थेकडून करून घ्यायचा असेल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा संस्थांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणी, प्रशिक्षकांची पात्रता, विमा आणि मुलांच्या मापाची शिरस्त्राणे यांबद्दल पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. असे प्रश्न ऐकून त्रासणारा आयोजक टाळावा.

ऊन, साप आणि मधमाश्या

पावसाळा संपला की पाण्याचे भय ओसरते, पण मार्चपासून उन्हाचे सुरू होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्येच, उघड्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. तेथे कोणी डोंगर चढत नव्हते. समुद्रालगतच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, हे त्यामागचे कारण. चढाईत शरीराची उष्णता आणखी वाढते. एप्रिल–मे महिन्यांत उघड्या डोंगरावर सकाळी दहानंतर राहू नये. प्रत्येक प्रौढामागे किमान तीन लिटर पाणी असावे. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून केलेले पेय जवळ ठेवावे. मूल गप्प झाले, चिडचिडू लागले किंवा त्याला मळमळू लागले तर तेथेच सावलीत थांबून परतावे.

रायगडच्या डोंगरांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आढळतात. पायात बूट, हातात काठी आणि दगडाखाली हात न घालण्याची सवय एवढ्याने बहुतेक धोका टळतो. दंश झाल्यास जखम कापू नये, रक्त शोषू नये, दोरीने आवळूही नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला उचलून रुग्णालयात न्यावे. विंचवाच्या दंशालाही हेच लागू आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि असंख्य प्राण वाचले. पण तो मिळण्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचावा लागतो. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, अत्तर, फटाके आणि आरडाओरडा ही निमंत्रणे होत.

डोंगरातली माणसे

पर्यटकाला जो डोंगर सुट्टीचे ठिकाण वाटतो, तो तेथल्या वाडीचे घर असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. गडावर जाणारे कित्येक गिरिप्रेमी वर्षानुवर्षे याच वाडीत पाणी प्यायले, जेवले होते. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. सलग अतिवृष्टीनंतर तीव्र उताराची माती केव्हा सुटेल, हे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांनाही सांगता आले नाही. मग एका दिवसासाठी आलेल्यांनी ओल्या उताराखाली डबा उघडून बसणे शहाणपणाचे नाही.

तरीही वाट, पाणी आणि हवामान यांबद्दल सर्वांत विश्वासार्ह माहिती वाडीतच मिळते. ‘आज ओढ्याकडे जाऊ नका’ असे तेथील आजोबा म्हणाले, तर तो शब्द मोबाइलवरच्या नकाशापेक्षा मोलाचा मानावा. वाटाड्याला मोबदला द्यावा, जेवण सांगायचे तर आधी सांगावे आणि आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा.

अडकलेच तर

ओढ्यापलीकडे अडकल्यास पहिला नियम असा की, पाणी ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. सर्वांनी उंच, मोकळ्या जागी एकत्र यावे, लहानांना कोरडे कपडे घालावेत आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. डोंगराचा ओढा जसा लवकर चढतो तसाच पाऊस थांबल्यावर लवकर उतरतोही. अनेकदा केवळ दोन–तीन तासांचा धीर पुरेसा असतो. शिट्टी जवळ असल्यास मिनिटाला सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबणे हा जगभर ओळखला जाणारा मदतीचा संकेत आहे. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे लिहिलेली चिठ्ठी किंवा संदेश घरी राहिलेल्या एका तरी माणसाकडे असावा.

मुलांना डोंगरात न्यावे की नाही, हा प्रश्नच नाही. न्यायलाच हवे. चौकोनी खोल्यांत वाढणाऱ्या मुलाला स्वतःच्या पायांनी चढल्याचा अभिमान, पानांखालचा खेकडा आणि वाऱ्याचा पठारावरचा आवाज दुसरीकडे मिळणार नाही. पण त्याच दिवशी ते मूल आणखी एक गोष्ट शिकत असते. फुगू लागलेल्या ओढ्याच्या काठावरून वडील मागे फिरतात आणि आई म्हणते, ‘पुढच्या वेळी येऊ.’ डोंगर तेथेच राहणार आहे. मागे फिरण्यात कमीपणा नसतो, हे आईवडिलांकडून पाहिलेले मूल उद्या मित्रांबरोबर जाईल, तेव्हा ओढ्याच्या अलीकडे थांबू शकेल.